अंगणापासून बालोद्यानापर्यंत



वसंत व्याख्यानमालेचे दिवस आणि मुलांच्या सुटीचे दिवस एकच असतात. मोठी माणसे संध्याकाळी मंडपात येऊन बसतात आणि मंडपाबाहेर मुलांचा दंगा चाललेला असतो. त्या दंग्याबद्दल आपण बहुधा तक्रारच करतो. आज त्या दंग्याचाच थोडा इतिहास सांगावयाचा आहे. मुले पूर्वी कोठे खेळत होती, त्यांच्यासाठी निराळी जागा राखण्याची गरज केव्हा आणि का पडली, आणि ती जागा कशी असावी ह्याविषयी जाणत्या माणसांनी काय काय करून पाहिले, हा आजचा विषय होय. विषय लहान मुलांचा असला तरी तो लहान नाही. एखाद्या गावाने मुलांसाठी किती जागा सोडली आणि कोणत्या भावनेने सोडली, ह्यावरून त्या गावाची समज ओळखता येते.

आरंभ बेलपाड्यापासून करू. पनवेलकडील हे गाव आज खारघरच्या वस्तीत मिसळून गेले आहे. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी बेलापूर ते पेंधर ही सुमारे ११ किलोमीटरांची मेट्रो सुरू झाली, तेव्हा तिच्या ११ स्थानकांपैकी एकाला बेलपाडा हे नाव मिळाले. पुढे त्याच मार्गावर पेठपाडाही आहे. रोज हजारो माणसे ह्या पाट्या वाचतात. पण पाडा ह्या शब्दाकडे क्षणभर थांबून पाहणारे थोडे. पाडा म्हणजे मुख्य गावापासून जरा बाजूला पडलेली, चार घरांची वस्ती. घरे थोडी आणि मोकळी जागा फार, हे पाड्याचे लक्षण. घरापुढे सारवलेले अंगण, सुगीच्या दिवसांत मळणीचे खळे, खळ्यापलीकडे भाताची खाचरे, खाचरांमधून जाणारे बांध आणि कोठेतरी एखादा वड किंवा चिंच. उत्तर कोकणातला असा पाडा डोळ्यांपुढे आणला, म्हणजे त्यात बालोद्यान कोठे होते, असा प्रश्नच पडत नाही. सगळा पाडाच मुलांचा होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. कोकणातील पावसाळी भातशेतीत कापणी झाली की शेत पुढल्या पावसापर्यंत बहुधा मोकळे पडते. म्हणजे वर्षातून निम्मा काळ मुलांना आयते मैदान मिळत असे, आणि ते मिळावे म्हणून कोणाला अर्ज करावा लागत नसे. विटीदांडूला लागते काय? जमिनीत एक लहानशी खळी आणि दोन लाकडे. लगोरीला सात चपटे दगड आणि चिंध्यांचा चेंडू. आट्यापाट्यांना मातीत ओढलेल्या रेघा. सूरपारंब्यांना मात्र वडच हवा, कारण त्या खेळात झाड हे मैदानही आहे आणि खेळगडीही आहे. नागपंचमीला झाडाला दोर बांधला की झोका तयार. ह्यापैकी एकही साधन दुकानातून आणलेले नाही आणि एकही जागा केवळ खेळासाठी राखलेली नाही. मोठ्यांचे काम संपले की तीच जागा मुलांची होत असे. काम चालू असले तरीही मुले कडेला असतच, आणि पाहता पाहता काम शिकत.

ह्या खेळांत मुलगा केवळ खेळणारा नव्हता. तो खेळ रचणाराही होता. भातुकली घ्या. करवंटीची कढई होते, चिंचोक्यांची डाळ होते, पळसाच्या पानाचे ताट होते. दिवाळीतला किल्ला तर ह्याचे सर्वांत मोठे उदाहरण आहे. दगड, विटा, फुटकी मडकी रचायची, त्यांवर पोते अंथरायचे, वरून चिखल थापायचा, उतारावर मोहरी किंवा अळीव पेरून हिरवळ उगवायची, पायथ्याशी विहीर खणायची, पोटातून भुयार काढायचे आणि शेवटी महाराजांना सिंहासनावर बसवून बुरुजाबुरुजांवर मावळे उभे करायचे. ह्या उद्योगात स्थापत्य आहे, शेती आहे, इतिहास आहे आणि भांडण मिटविण्याची कलाही आहे; कारण दरवाजा कोणत्या बाजूला असावा ह्यावर पोरांचे दोन तट पडतातच. दिवाळी सरली की किल्ला मोडतो आणि पुढल्या वर्षी नवा होतो. गेल्या वर्षीचा किल्ला जपून ठेवावा असे कोणाही मुलाला वाटत नाही, कारण त्याचा आनंद किल्ला असण्यापेक्षा किल्ला करण्यात असतो. आजच्या विषयाचे मर्म येथेच आहे. मुलांच्या जागेची परीक्षा करताना तिने मुलाला काय दिले एवढेच पाहून भागत नाही. तिने मुलाला करावयाचे काय शिल्लक ठेवले, हे पाहावे लागते.

मग निराळी जागा राखण्याची पाळी का आली? शहरे वाढली, अंगणे गेली, रस्त्यावर गाड्या आल्या. युरोपात आणि अमेरिकेत हे आपल्याआधी घडले, म्हणून तेथील विचारही आधीचा आहे. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल ह्याने १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. हे नाव केवळ अलंकारिक नव्हते. त्याच्या योजनेत प्रत्येक मुलाला स्वतःचा एक चिमुकला वाफा होता आणि सर्वांची मिळून एक सामाईक जमीन होती. आपला वाफा आपण सांभाळावा आणि सामाईक जमीन सर्वांनी सांभाळावी, असा तो धडा होता. प्रशियाच्या सरकारला हे प्रकरण इतके धोक्याचे वाटले की १८५१ मध्ये त्याने ह्या शाळांवर बंदी घातली. ती १८६० पर्यंत टिकली. आपल्याकडे किंडरगार्टन हा शब्द आला, पण त्यातली बाग बहुतेक ठिकाणी वाटेतच राहून गेली. पुढे १८८५ मध्ये अमेरिकेत बोस्टन शहरी, बर्लिनचे उदाहरण पाहून, गरीब वस्तीतल्या मुलांसाठी वाळूचा एक ढीग टाकण्यात आला. अमेरिकेतील सार्वजनिक क्रीडांगणांच्या चळवळीचा आरंभ ह्या वाळूच्या ढिगापासून मानतात. पाळणे नाहीत, घसरगुंड्या नाहीत, नुसती वाळू.

आपल्याकडे शहरातील मुलांसाठी मुद्दाम केलेल्या बागांत सर्वांत गाजलेली बाग म्हणजे मुंबईच्या मलबार टेकडीवरचे कमला नेहरू उद्यान. ते १९५२ सालचे. तेथला ‘म्हातारीचा बूट’ माहीत नाही असा मराठी माणूस विरळा. मूळ कल्पना एका इंग्रजी बडबडगीतातली. ते गीत ज्यांनी कधी ऐकलेही नव्हते अशा गिरगाव-परळच्या मुलांनीसुद्धा तो बूट आपला करून टाकला. हे कसे झाले? बुटात शिरता येते, जिन्याने वर जाता येते, वरून आईला हाक मारता येते, आणि बूट हे घर कसे काय झाले ह्याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावयाचे असते. गोष्टीचा आरंभ बागेने करून दिला आणि पुढची गोष्ट मुलांवर सोडली. पुण्याच्या पेशवे पार्कात १९५६ साली ‘फुलराणी’ ही छोटी आगगाडी धावू लागली. पुणेरी मुलांच्या कितीतरी पिढ्यांची पहिली आगगाडी तीच. ह्या दोन्ही बागांचे ऋण मोठे आहे. तरी त्यांची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. त्या सणासुदीच्या बागा आहेत. आईबापांनी वेळ काढला, गाडीभाडे खर्च केले, तर वर्षातून एकदोनदा तेथे जावयाचे. मुलाला तर खेळ रोज लागतो, जेवणासारखा.

रोजच्या खेळाचा प्रश्न ज्यांनी हाती घेतला त्यांत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांचे नाव अग्रभागी आहे. गुजरातेत भावनगर येथे गिजुभाई बधेका ह्यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. ताराबाई १९२३ मध्ये त्यांना जाऊन मिळाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. ह्या मंडळींनी माँटेसोरीबाईंचे विचार आपल्या मातीत रुजविण्याचा यत्न केला. पण माँटेसोरीची साधने महाग, शाळा शहरी आणि मुले सुखवस्तू घरांतली, हे शल्य ताराबाईंच्या मनात राहिले. म्हणून १९४५ च्या अखेरीस त्यांनी ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्ह्यातील) बोर्डी गाठले. अनुताई तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या शेजारी गेले.

तेथे अडचण अशी की मुले शाळेत येत ना. कोणाला धाकटे भावंड सांभाळायचे, कोणाला गुरे राखायची. तेव्हा ताराबाईंनी सरळ उलटा मार्ग धरला. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात जाईल. अंगणवाडी ह्या शब्दाचा उगम असा आहे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणातच शाळा नेली. तिचे नाव कुरणशाळा. महागड्या साधनांच्या जागी शंखशिंपले, बिया, पाने, खडे आणि माती आली. लहानमोठे ओळखायचे तर शिंपले आहेत, मोजायचे तर चिंचोके आहेत, रंग ओळखायचे तर फुले आहेत. पाड्यातील अंगण हे गरिबीचे चिन्ह न मानता त्यांनी ते शिक्षणाचे पहिले दालन मानले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना ३३ ठिकाणी सुरू झाली, आणि अंगणवाडी हा शब्द पाहता पाहता देशभर पसरला. शब्द गेला तेथे तेथे अंगण गेले काय, हा प्रश्न मात्र आपण आपल्याला विचारला पाहिजे. शहरातल्या किती अंगणवाड्या एका खोलीत भरतात ते आपण पाहतोच.

ताराबाई बोर्डीला गेल्या त्याच सुमारास युरोपात दुसरा एक प्रयोग चालू होता. डेन्मार्कमधील उद्यानरचनाकार सोरेन्सन ह्याच्या ध्यानात आले होते की आपण केलेल्या देखण्या बागांपेक्षा मुलांना अर्धवट बांधलेल्या इमारतीचे आवार अधिक आवडते, कारण तेथे फळ्या असतात, विटा असतात, खड्डे असतात. देश जर्मनांच्या ताब्यात असताना, १९४३ मध्ये, कोपनहेगनजवळ एम्ड्रुप येथे त्याच्या कल्पनेप्रमाणे टाकाऊ सामानाचे क्रीडांगण उघडले. मुलांनी तेथे आपल्या हातांनी झोपड्या उभारल्या, मोडल्या आणि पुन्हा उभारल्या. इंग्लंडच्या लेडी ॲलन ह्यांनी युद्धानंतर ते पाहिले आणि बाँबहल्ल्यांनी उजाड झालेल्या लंडनच्या जागांवर तशी क्रीडांगणे करण्याचा ध्यास घेतला. आता मला सांगा, ह्या कल्पनेत आणि आपल्या दिवाळीच्या किल्ल्यात तत्त्वाचा भेद कोणता? भेद एवढाच की त्यांनी वर्षभरासाठी जागा दिली आणि देखरेखीला एक समजूतदार माणूस नेमला. तो माणूस नसेल तर असे क्रीडांगण चालत नाही, हाही त्याच प्रयोगाचा अनुभव आहे.

नेदरलँड्समधील ॲमस्टरडॅम शहराने आणखी एक धडा दिला. तेथे १९४७ पासून आल्डो व्हान आयक ह्या वास्तुकाराने रिकाम्या पडलेल्या कोपऱ्यांवर मुलांच्या जागा करण्यास आरंभ केला आणि पुढील तीस वर्षांत अशा सातशेंहून अधिक जागा झाल्या. वाळूचा हौद, काही गोल ठोकळे, वाकविलेल्या नळ्यांची एक कमान, बस्स. एका मोठ्या बागेपेक्षा घराजवळच्या शंभर लहान जागा बऱ्या, हे त्याने दाखवून दिले.

आता पुन्हा आपल्या मुलखाकडे येऊ. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील ९५ गावांच्या जमिनीवर नवे शहर आखले गेले. खाचरांचे सेक्टर झाले. ही जमीन सुखासुखी मिळालेली नाही. जानेवारी १९८४ मध्ये उरण-जासई भागातील आंदोलनात गोळीबार झाला आणि पाच शेतकऱ्यांनी प्राण गमावले. त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. नव्या शहरात मुलांसाठी राखलेला भूखंड पाहताना हे विसरू नये. तो कोणाच्या तरी खाचराचा तुकडा आहे, आणि त्यावर निष्काळजीपणाने काहीही उभारण्याचा हक्क आपल्याला नाही.

ह्याच नव्या शहरात बेलपाड्याजवळ, बेलापूर येथे, चार्ल्स कोरिया ह्यांनी १९८३ ते १९८६ ह्या काळात एक वसाहत रचली. आर्टिस्ट व्हिलेज ह्या नावाने ती ओळखली जाते. सात घरे आणि त्यांच्यामध्ये आठ मीटर लांब व आठ मीटर रुंद असे एक अंगण, ही तिची मूळ घडण. अशी तीन अंगणे मिळून एकवीस घरांचे मोठे अंगण, आणि तशी काही मिळून त्याहून मोठी मोकळी जागा. हिशेब केला तर पहिले अंगण पाऊण गुंठ्याहूनही लहान भरते. पण ते सात घरांच्या दारांपुढे आहे, प्रत्येक स्वयंपाकघरातून दिसण्याइतके जवळ आहे, आणि म्हणूनच दोन वर्षांच्या मुलालाही ते एकट्याचे होऊ शकते. मूल वाढते तसे त्याचे अंगण वाढते. पुढे तेथील कितीतरी घरे बदलली, वाढली, पाडून नव्याने बांधली गेली. परंतु अंगणाचा विचार जुना होण्यासारखा नाही. जो पाडा शहराने पुसला, त्याचे तत्त्व ह्या एका वसाहतीत शहरानेच पुन्हा मांडून पाहिले होते.

मग आज बेलपाड्याच्या एखाद्या भूखंडावर मुलांची जागा करावयाची ठरली तर ती कशी असावी? २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाली, तेव्हा प्रश्न विचारावयाला दारही आहे. सध्याची रीत आपण जाणतो. कुंपण, रबरी फरशी, रंगीत प्लॅस्टिकची एक ठरीव रचना, तीन पाळणे आणि सूचनांचा फलक. मूल पाच वेळा घसरते आणि सहाव्या वेळी काय करावे ते त्याला सुचत नाही.

इतिहासाने दिलेले धडे एकत्र केले तर चित्र निराळे दिसते. पहिले झाड. वड, करंज, जांभूळ अशी सावली देणारी झाडे आधी लावावी आणि मग बाकीचे आखावे; वैशाखातल्या उन्हात तापलेली पत्र्याची घसरगुंडी चुलीवरच्या तव्यासारखी होते. वडाभोवती पार असावा, म्हणजे आजीआजोबांना बसावयाला जागा होते आणि देखरेख आपोआप घडते. कण्हेर आणि बिट्टी ही झाडे दिसावयास सुंदर आणि निगेला सोपी म्हणून बागांतून सर्रास लावतात. त्यांचा प्रत्येक भाग विषारी आहे, तेव्हा मुलांच्या जागेत ती नकोत. दुसरी माती. भरावाचे एक टेकाड करावे आणि घसरगुंडी त्याच्या उतारावरच बसवावी, म्हणजे उंचीची मजा राहते आणि पडण्याचे भय जाते. टेकाडाच्या पोटातून सिमेंटचा रुंद नळ घातला की भुयार झाले. शेजारी वाळूचा हौद आणि एक नळ. पाणी साचू न देता वाहून जाईल अशी पन्हळ मात्र हवी, नाही तर मुलांआधी डास यावयाचे. पाळण्यांच्या पुढेमागे मोकळी जागा सोडावी आणि खाली वाळू असावी.

तिसरी गोष्ट पडवीची. आपल्याकडे पावसाचे चार महिने असतात. परदेशी नकाशावरून आखलेली बाग त्या काळात बंद पडते. एक साधी पत्र्याची पडवी असेल तर गोट्या, सागरगोटे, भातुकली पावसातही चालतील. मुलींच्या खेळाला पुष्कळदा जागा मिळत नाही, कारण मैदान मोठ्या मुलांच्या क्रिकेटने व्यापलेले असते. झिम्मा-फुगडीला पुरेल असा सपाट चौथरा म्हणून निराळा राखावा. चाकांच्या खुर्चीवरील मुलाला वाळूच्या हौदापर्यंत जाता येईल असा रस्ता असावा, आणि हौदाचा एक काठ त्याच्या हाताच्या उंचीचा असावा. चौथी गोष्ट एका कोपऱ्याची. त्या कोपऱ्यात काहीही बांधू नये. बांबू, वासे, करवंट्या, पोती, फुटक्या फरश्या एवढे सामान तेथे असावे आणि वर्षभर किल्ले होऊ द्यावेत. पाचवी आणि शेवटली गोष्ट माणसाची. रबरी फरशीवर होणाऱ्या खर्चातून एखाद्या ताईचा पगार काढावा. मुलांना खेळ शिकविणे हे तिचे काम नाही. तिने जवळ असावे, खिळा वर आला तर ठोकावा आणि भांडण हातघाईवर आले तरच मध्ये पडावे.

कोणी म्हणेल, ह्या सर्व हौसेच्या गोष्टी झाल्या. तसे नाही. संयुक्त राष्ट्रसंघाने १९५९ मध्ये बालहक्कांचा जाहीरनामा केला तेव्हाच त्यात खेळाचा हक्क होता. १९८९ च्या करारात तो अधिक स्पष्ट झाला आणि भारताने तो करार १९९२ मध्ये मान्य केला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेला मैदान असावे असे सांगितले. कागदावर मुलांचा पक्ष भक्कम आहे. पण मुलांना मत नसते, सभेत बोलावयाला त्यांचा प्रतिनिधी नसतो, आणि भूखंडाचा भाव वर्षागणिक चढत असतो. मंडपासाठी, वाहनतळासाठी, सभागृहासाठी मागणी करणारी माणसे पुढे येतात. वाळूच्या ढिगासाठी मोर्चा निघत नाही.

म्हणून हे काम आपले आहे. पुढल्या वेळी एखाद्या बागेचा नकाशा भिंतीवर लागेल तेव्हा आपण एवढेच करावे: तो नकाशा त्या वस्तीतल्या दहा मुलांना दाखवावा आणि येथे तुम्ही काय कराल, असे त्यांना विचारावे. मुलांनी नुसते चढू आणि घसरू असे सांगितले, तर नकाशा परत पाठवावा. त्यांनी एकमेकांचे बोलणे तोडून दहा निरनिराळे बेत सांगितले, तर ती बाग खुशाल बांधावी. स्थानकाच्या पाटीवर पाडा हा शब्द राहिला आहेच. त्याच्याजवळच्या एखाद्या कोपऱ्यात सारवलेले नसले तरी मोकळे, मातीचे आणि मुलांच्या हाती सोपविलेले एक अंगण राहिले, तर त्या शब्दाचा अर्थही राहील.